सिंधूची नऊ वर्षं

मी आणि माझी बायको सिंधू, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधणं. दुपारची वेळ, आंब्याखाली गोणपाट टाकलेलं, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. माझी जुडी नेहमी जाड व्हायची. तिनं माझ्या ढिगातली एक उचलली, हातावर तोलली आणि म्हणाली, "आवं, ही जुडी हाय का बैलाची पेंडी?" मग सोडून तिच्या दोन केल्या. काम झालं तसं म्हणाली, पाठ भरून आली, जरा पडते. चारच्या सुमाराला मी चहा करून हाक मारली... उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. डाव्या कुशीवर निजली होती, उशी न घेता. हे मी मुद्दाम लिहितो. नऊ वर्षं या बाईला डाव्या कुशीवर वळता येत नव्हतं, आणि त्यातला थोडा दोष तिच्या कानाचा होता, बाकीचा माझा.

माझं शिक्षण चौथी. मखमलाबादच्या रस्त्याला आमचा दीड एकराचा मळा आहे, मेथी, कोथिंबीर, वांगी करतो. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, ते मी वाचतो. सिंधूबद्दल चांगलंच लिहायचं आहे, पण ते लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं. दुसरा रस्ता मला सापडला नाही.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. एक दिवस सकाळी ती अंथरुणातून उठायला गेली आणि दोन्ही हातांनी जमीन धरून बसली. "छप्पर फिरतंय गरागरा," म्हणाली. मग उलटी. मिनिटभरात थांबलं, पण दिवसभर डोकं जड, चालताना पाय कापसावर पडल्यासारखा. मी म्हटलं पित्त असेल, लिंबू पाजलं. गावातल्या डॉक्टरानं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. पेठहून तिची आई आली, तिनं दृष्ट काढली. चक्कर काही गेली नाही. खुरपायला वाकली की यायची, न्हाताना मान मागं केली की यायची, फळीवरचा डबा काढायला वर बघितलं की यायची. म्हणजे कामाच्याच वेळी यायची. मग मी चारचौघांत म्हणायला लागलो, "हिला काम सांगितलं की चक्कर येते बघा." लोक हसायचे. तीसुद्धा हसायची... आता वाटतं, मी हसतोय म्हणून हसायची.

पंचवटीच्या भाजीबाजारात तिची बसायची जागा होती. शेजारी टमाट्यांवाल्या कौसल्याबाई. सिंधूला बाजार फार आवडायचा. गिऱ्हाइकाशी भांडायची, हसायची, अर्धी पंचवटी तिला नावानं ओळखायची. त्याच वर्षी आमच्या सुनंदाचं जमत आलं होतं. मुलगा नामपूरचा, घर चांगलं. मुलाचे वडील मुलगी बघायला सकाळच्या एस. टी. नं आले, तर मी त्यांना आधी बाजाराजवळ चहाला नेलं; सिंधू तोवर सकाळचा माल विकून घरी यायची होती. तेवढ्यात गलका झाला. सिंधू गोणी उचलून ताठ झाली आणि कौसल्याबाईंच्या टमाट्यांवर आडवी पडली. लुगड्यावर उलटी. गर्दीतला एक म्हणाला, "बाई सकाळी सकाळीच प्यायली वाटतं!" दुसरा ओरडला, "नाय रे, फिट आलीय! चप्पल हुंगवा!" आणि कुणीतरी खरंच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. कौसल्याबाई ओरडत होत्या, "चक्कर हाय तिला! सरका मेल्यांनो, हवा येऊ द्या!"

पाहुणे आणि मी गर्दीत शिरलो होतो. त्यांनी मला त्यांच्या अहिराणीत विचारलं, "ती बाई कोन शे?"

आमच्याकडं ज्या घरात फिट आहे म्हणून बोललं जातं, त्या घरातली पोरगी कुणी करत नाही. चक्कर निराळी, फिट निराळी, हे सोयरिकीत कोण ऐकून घेतो? पण हे सगळं मी मागून रचलेलं आहे. त्या क्षणी असा काही हिशेब केला नाही. तोंडातून सरळ निघालं, "कोण जाणे. असंल कुणी." आणि त्यांचा दंड धरून मी त्यांना बाहेर काढलं.

घरी त्यांनी सुनंदाला बघितलं. पोहे माझ्या वहिनीनं दिले. मुलीची आई कुठंय, तर माहेरी गेलीय, पेठला, तिच्या आईला बरं नाही, असं मी सांगितलं. संध्याकाळी सिंधू रिक्षानं आली. कौसल्याबाईंनी बसवून दिलं होतं. लुगडं वाळून कडक झालेलं. दारातच तिनं विचारलं, "पाहुणे गेले?"

"गेले."

"पोरगी पसंत?"

"हां."

"मी कुठं हाय म्हणून सांगितलं?"

"माहेरी."

"बरं," म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

त्यानंतर मी तिला बाजारात बसू दिलं नाही. लोकांना सांगितलं, आता बायकोला आराम. खरं कारण, पुन्हा पडली आणि नामपूरला कळलं तर पोरीला परत पाठवतील. शहरातल्या मोठ्या डॉक्टराकडं नेलं नाही, कारण तिथं बाकड्यावर कुणी ओळखीचं भेटलं तर. मेडिकलमधून चकरेची बारीक पांढरी गोळी आणायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळीनं ती गुंगल्यासारखी असायची, मी म्हणायचो, गुण येतोय. चक्कर आली की आडवी हो, हलू नको, हे माझं औषध. ती भिंत धरून चालायला लागली. दोन उशा लावून बसल्यासारखी झोपायची. गाडीवर मागं बसली की डोळे मिटून माझा सदरा मुठीत धरायची. पंचेचाळिशीतली बाई, पण चालणं सत्तरीचं झालं. आणि भावकीत माझी तारीफ, बायकोला बसवून खाऊ घालतो म्हणून...

असं नऊ वर्षं चाललं. मग सुनंदा एका दिवाळीला माहेरी आली. तिलाही मी पित्तच सांगत आलो होतो. तिनं आईला न्हाऊ घालताना बघितलं, की आई नळाला दोन्ही हातांनी लटकलीय. त्याच आठवड्यात तिनं नाशकात कानाच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. मी म्हटलं, "चक्कर डोक्यात, कानाला काय दाखवायचं?" सुनंदा म्हणाली, "आप्पा, तुम्ही नुसती गाडी काढा."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, किती वर्षं? सिंधू म्हणाली, नऊ. "नऊ वर्षं? आणि आजपर्यंत आला का नाही?" मी खाली बघितलं. सिंधू म्हणाली, "शेती होती बाई. टाइम नाय भेटला." मग बाईंनी विचारलं, "ऐकायला कमी येतं का?" सिंधू म्हणाली, "नाय. ऐकायला सगळं येतं." आणि माझ्याकडं बघितलं.

बाईंनी तिला पलंगावर बसवून मान डावीकडं वळवली आणि झटकन मागं आडवं केलं. सिंधूनं पलंगाची कड गच्च धरली. बाई मला म्हणाल्या, "आजोबा, या इकडं, हिचे डोळे बघा." बुब्बुळं आपोआप झटके देत फिरत होती, तिच्या हातात काही नव्हतं. मी ज्याला कामाचा कंटाळा म्हणत होतो ते तिच्या डोळ्यांत उघडं दिसत होतं. बाईंनी समजावलं, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलतीकडं गेले की असं होतं. मग तिची मान हळूहळू एकेका बाजूला फिरवत, मध्ये थांबत, शेवटी उठवून बसवलं. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा केलं, आणि छप्पर फिरायचं थांबलं. नऊ वर्षांचं दुखणं, आणि दवाखाना आमच्या मळ्यापासून गाडीवर वीस मिनिटं.

पण चाल लगेच सुधारली नाही. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं मान न हलवता काढली, शरीर तोल धरायचं विसरलंय. गोळ्या कमी करत बंद केल्या आणि व्यायाम दिले. अंगठा डोळ्यांपुढं धरून नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान इकडून तिकडं फिरवायची. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायचं. चक्कर आली तर आडवं व्हायचं नाही, थांबायचं आणि पुन्हा करायचं. म्हणजे मी जे जे सांगत आलो त्याच्या बरोबर उलट. ती शेताच्या बांधावर चालायची, मी मागं हात पसरून. "हात खाली घ्या," ओरडायची, "कोंबडी धरायला निघालात का?" चार महिन्यांत ती बांधावरून एकटी गेली आणि आली. मग एक दिवस मला न विचारता गोणी रिक्षात टाकून बाजारात जाऊन बसली. कौसल्याबाईंनी जागा सरकवून दिली.

पुढची पाच वर्षं तिची चांगली गेली. त्या पाच वर्षांत रोज मनात यायचं, बाजारात मी काय म्हणालो ते आज तिला सांगतो. रोज राहून गेलं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं बसली होती. नामपूरचे व्याही रात्रीच सुनंदाला घेऊन आले होते. शेजारून आलेला चहा सुनंदा वाटत होती. माझा थोरला भाऊ म्हणाला, "सिंधू नशिबाची. आमच्या भावानं तिला फुलासारखी जपली, वर्षानुवर्षं उन्हात बसू दिली नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते ऐकवेना. मी व्याह्यांकडं तोंड करून म्हणालो, "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बाजारात एक बाई पडली होती. तुम्ही विचारलं कोण, मी म्हटलं कोण जाणे. ती हीच."

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "माले माहीत शे, दादा," म्हणाले. "लग्नाच्या मांडवातच वळखलं व्हतं मी त्यास्नी. तोंड का इसरतंय माणूस?"

"मग बोलला का नाही?"

"तुम्हीच नाही बोलले, मी कसा बोलू? आन पोरगी चांगली व्हती. आमच्या मायलेबी चक्कर यायची."

ज्या माणसापासून मी नऊ वर्षं लपवलं, त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. सुनंदा किटली घेऊन तशीच उभी होती. ओरडेल, रडेल असं वाटलं. तिनं हळूच एवढंच विचारलं, "आप्पा, तुम्ही तसं म्हणालात ते आईला ऐकू गेलं असंल का?"

मी म्हटलं, "चार पावलांवर होती."