शकुवहिनींचा पाचू

गिऱ्हाइकाचा स्वतःचा खडा कामाला घेण्याआधी दत्ताराम एक गोष्ट कधी चुकवत नसत. भिंग आधी आपल्या डोळ्याला लावायचं, मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. "ही रेष बघा. ही आमच्याकडे येण्याआधीची. नीट बघून घ्या."

काहीजण वैतागत. "काका, आम्ही काय तुम्हाला चोर म्हणतोय?"

"आता नाही म्हणत. खडा फुटला की म्हणाल."

विक्रोळी स्टेशनजवळच्या चंद्रप्रकाश शेठच्या दुकानात त्यांचं आयुष्य खडे बसवण्यात गेलं. या सवयीमुळे शेठवर कधी भरपाईची पाळी आली नव्हती.

शकुवहिनी आल्या तेव्हा मात्र भिंग खणातच राहिलं.

वहिनी म्हणजे नानांची बायको. नाना आणि दत्ताराम एकाच चाळीत वाढलेले, दोघांचे वडील एकाच गिरणीत. नानांच्या करंगळीतला पाचू ज्योतिषाने सांगितलेला आणि दत्तारामांनीच बसवलेला. "नाना, तुझा बुध ठीक आहे रे, डोकं बिघडलंय," अशी त्यांनी तेव्हा चेष्टाही केली होती. नाना जाऊन आता महिना होत आला होता.

वहिनींनी रुमालाची गाठ सोडली. अंगठी मागच्या बाजूने कापलेली, टोकं फाकलेली. खडा अजून तिच्यातच होता.

"यांना तपासणीच्या मशीनमध्ये घालायचं होतं, भावोजी. धातू चालत नाही म्हणाले. बोट सुजलेलं. साबण लावून किती ओढली मी. हे म्हणत होते, शकु, ती नको काढूस गं. शेवटी मीच नर्सला म्हटलं, कापा." वहिनींनी अंगठी पुढे सरकवली. "अंगठी निघाली आणि माणूस गेला."

"वहिनी, तसं नसतं."

"आमच्या केतनच्या मापाची नवीन करा. खडा हाच."

मित्राची अंगठी त्याच्या बायकोसमोर भिंगाखाली धरायची आणि वर तिलाच म्हणायचं, नीट बघून घ्या? दत्तारामांच्याने ते झालं नाही. शिवाय खडा त्यांच्याच हातचा. त्याचं काय बघायचं?

नवी अंगठी घडून आली. खडा धरून ठेवणारे तीन पंजे नीट बसले. चौथा दाबताना बारीकसा आवाज झाला आणि पाचू आडवा दुभंगला.

मग दत्तारामांनी भिंग काढलं. ताजी चीर स्वच्छ असते, काचेसारखी चमकते. इथे निम्म्या चिरेत पांढुरका थर बसला होता. वास घ्यायचीही गरज नव्हती. साबण. खेचाखेचीत किंवा कापताना खड्याला तडा गेला होता, आणि साबणाचं पाणी आत उतरून वाळलं होतं.

शेठनेही भिंगातून पाहिलं. "सुटलास तू, दत्ताराम. माल फुटकाच आला होता. सरळ सांगून टाक, मी आहे साक्षीला."

"घेताना मी बघितला नव्हता, शेठ."

"आता बघितलास ना? मग झालं तर, यार!"

खडा फुटल्याचा निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी मुलाला घेऊन आल्या. केतनने तुकडे तळहातावर घेतले.

"काका, एकच सांगा. आधीपासून तडा होता का? असेल तर विषय संपला. नसेल, तर जबाबदारी तुमची."

वहिनी दत्तारामांकडे बघत होत्या. होता, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. कधी गेला, कशाने गेला? आणि त्याचं उत्तर वहिनींना आपलं आपणच सापडलं असतं.

"नव्हता," दत्ताराम म्हणाले. "माझा दाब जास्त पडला."

शेठने मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

"तसाच दुसरा पाचू मी बसवून देतो, माझ्या पदरचा."

"दुसरा काय करायचाय?" वहिनी म्हणाल्या. "हे सांगायचे, आमचा दत्ताराम भिंगातून बघितल्याशिवाय खड्याला हात लावत नाही. परक्यांचे सगळे बघता. आमचाच बघितला नाहीत?"

तेवढा दोष खरोखरच त्यांचा होता. वहिनींनी तुकडे रुमालात बांधले आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

नानांच्या वर्षश्राद्धाला दर्शनाला, म्हणजे दत्तारामांच्या बायकोला, बोलावणं आलं. दत्तारामांना आलं नाही. त्या दिवशी ते नेहमीसारखे दुकानात बसले. संध्याकाळी घरी आले तेव्हा दर्शना धुसफुसत होती.

"भर पंगतीत म्हणाल्या, त्यांची शेवटची खूण दत्तारामने फोडली. अहो, खरं काय ते सांगून का टाकत नाही एकदा?"

"आता सांगितलं तर बहाणा वाटेल."

"वाटू दे!"

दत्तारामांनी हातपाय धुतले. "अंगठी कापल्याचं काही बोलल्या?"

"नाही. पूर्वी तेच धरून बसायच्या. आता तुमचंच चालू असतं."

दत्ताराम पाटावर बसले. "वाढ," म्हणाले.