काथ्याच्या राक्षसाची जाहिरात

त्या बोलपटाचा मला आजही राग येतो. वाईट सिनेमे पुढे पुष्कळ पाहिले आणि हसून सोडून दिले. हा काही सोडवत नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. धाकट्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, विहिरीवर जाताना कुत्रं चावलं. ते पिसाळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला बंदराजवळ मारलं. त्या काळी यावर एकच उपाय होता, सरकारी दवाखान्यात जाऊन दोन आठवडे रोज पोटात सुई. मध्ये खंड पडून चालत नसे. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. परक्या पुरुषापुढे मुलीने पोट उघडं टाकायचं आणि उद्या तिच्यासाठी स्थळं बघायची, हे कसं जमायचं, असं त्यांचं म्हणणं. गुहागरकडच्या कुणा वैदूची मुळी त्यांनी मुलीच्या दंडाला बांधलीसुद्धा होती. मीच हट्टाने वन्संना दवाखान्यात नेऊ लागले. वय सोळा, पण ओठ घट्ट मिटून टोचून घ्यायच्या.

बहिणीची ही हिंमत बघून आमच्या ह्यांना वाटलं, तिला जरा गंमत दाखवावी. गावात सिनेमाचा तंबू आला होता. बैलगाडीत ताशा वाजत होता, फळीवर केसाळ राक्षस रंगवलेला, आणि खाली ‘विज्ञानाचा भयंकर चमत्कार, कच्च्या काळजाच्यांनी येऊ नये’. आम्ही सगळे गेलो.

विज्ञान म्हणजे काय, तर चार बाटल्यांतून फेस येत होता. एक डॉक्टर माकडाचं रक्त काढून आपल्या नोकराला टोचतो आणि नोकराचा राक्षस होतो. का टोचतो, त्याला त्यातून काय हवं असतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा बनवणाऱ्यांनाही ते माहीत नसावं. राक्षस आला आणि अख्खा तंबू हसायला लागला. त्याच्या अंगाला चिकटवलेला काथ्या सुटून लोंबत होता. “नारळ सोलून तसाच आला काय रे हा,” मागून कुणीतरी ओरडलं. राक्षस नायिकेला उचलायला गेला, ते त्याला जमेना, शेवटी तीच बिचारी त्याच्या खांद्यावर चढून बसली. मग तिने तिथूनच गाणं म्हटलं.

मीही हसले. पण सुई मात्र त्यांनी खरी आणली होती. ज्यांना एक राक्षस धड उभा करता आला नाही, त्यांनी ती लांब सुई पडदाभर दाखवली, नोकराच्या उघड्या पोटात खुपसली, आणि तो किंचाळला. सगळे हसत असताना वन्संनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

सकाळी त्या मागच्या पडवीत बसून राहिल्या. “वहिनी, मी नाही येणार. त्यालाही पोटातच टोचली.”

सासूबाई म्हणाल्या, “नको तर नको. मुळी आहे.” आमचे हे म्हणाले, “उद्या बघू.” मरण दारात येऊन बसलंय आणि घरातली शहाणी माणसं उद्या बघू म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदर खोचला आणि भर दुपारी तडक तंबू गाठला.

तंबूचा मालक पान लावत बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं. तुमच्या खेळापायी आमची मुलगी सुई घेत नाही, तेवढा भाग गाळा, नाहीतर निदान हे सगळं खोटं आहे एवढं लोकांना सांगा. त्याने नीट ऐकून घेतलं आणि हळूहळू त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे बाईसाहेब, ती खरोखरच घाबरली?”

संध्याकाळी ताशा थेट आमच्या आळीत आला. याच गावातली चांगल्या घरची मुलगी हा खेळ पाहून भीतीने अंथरुणाला खिळली आहे, छाती असेल तर या, असं गाडीवरचा माणूस ओरडत होता. माझ्या तक्रारीची त्या मेल्याने जाहिरात केली होती. घराण्याची अब्रू वेशीवर टांगली म्हणून सासूबाईंनी मला वाटेल तसं बोलून घेतलं.

तेवढ्यात वन्सं माजघरातून बाहेर आल्या. तोंड लालबुंद झालेलं. “मी त्या काथ्याला घाबरले? अंथरुणाला खिळले म्हणे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वहिनी, सकाळी लवकर उठवा मला.”

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम तंबूसमोरून दवाखान्यात गेल्या. चुकलेल्या दिवसाबद्दल डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. तेही मीच ऐकून घेतलं.

शेवटच्या सुईच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर लांज्याकडचं एक शेतकरी जोडपं बसलं होतं. बाईच्या पोटरीला फडकं बांधलेलं, तिलाही कुत्रंच चावलेलं. नवरा विनवण्या करून थकला होता, आणि ती जागची हलत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सुई नको बाय. हितली एक पोरगी शिनेमातली सुई बघूनच मेली म्हनत्यात. लांज्याला तंबूवाला वरडून सांगत व्हता.”

तंबू आमच्या गावातून हलून लांज्याला गेला होता, आणि तिथे त्याने आमच्या वन्संना मारूनही टाकलं होतं. तो मालक त्या क्षणी समोर असता तर मी त्याचं काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

वन्सं पुढे झाल्या. कंपाउंडर दारातच उभा होता, आजूबाजूला चार पुरुष होते. वन्संनी पदर बाजूला केला, त्या बाईचा हात धरून आपल्या सुजलेल्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, “ती मेलेली पोरगी मीच. चला आत.”