सरकमामा

सरकमामा कधीच कुणाच्या अगदी समोर उभे राहायचे नाहीत. चहाची टपरी असो, कारखान्याचं गेट असो, नाहीतर लग्नाचा मांडव, बोलणाऱ्या माणसापासून अर्धं पाऊल डावीकडे आणि खांदा किंचित तिरका, असेच ते उभे असायचे. त्यांच्या गावी, केंदूरच्या देवळातसुद्धा ते तिरकेच हात जोडायचे. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "देवावर भरवसा हाय हो. पण पायाला सवय लागली, काय करता!"

पायाला ती सवय किकबॉक्सिंगनं लावली होती. सणसवाडीच्या एका कारखान्यात मामा प्रेसवर काम करायचे. शेजारच्या खोलीत मणिपूरहून कामाला आलेला एक मुलगा भाड्यानं राहायचा. तो रोज सकाळी गच्चीवर एकटाच हवेत ठोसे आणि लाथा मारायचा. मामांनी आठवडाभर बघून घेतलं आणि मग विचारलं, "ये क्या करता हाय तू? मच्छर मारता हाय क्या?" तिथून दोघांची दोस्ती झाली आणि पस्तिशी उलटलेले मामा त्या पोराचे चेले झाले. पुढे तो गावी परत गेला. जाताना त्याचे हातमोजे मामांना देऊन गेला. मामा त्यानंतर हौशी स्पर्धांमधून खूप लढले आणि बहुतेक वेळा हरले. ते लपवून ठेवणं त्यांना कधी जमलं नाही आणि तशी गरजही वाटली नाही. नवीन पोरांना ते पहिल्याच दिवशी सांगायचे, "आपण लय मार खाल्लेला माणूस हाय. त्यामुळं ठोसा कुठनं येतो, ते आपल्याला चांगलं ठावं हाय."

माझी आणि त्यांची ओळख आमच्या खानावळीतली. माझी आई सणसवाडीत कामगारांसाठी खानावळ चालवते. आमचं मूळ गाव निमोणे, पण मला इथल्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं आणि आई माझ्यामागे आली. मामा रोज रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे असत आणि आईला आक्का म्हणत. मी दोन्ही हातांत ताटं घेऊन, गर्दीतून कुणालाही धक्का न लावता जाते, हे त्यांनी हेरलं. म्हणाले, "अश्विनी, तुझं पाऊल चांगलं हाय. ये की आमच्या वखारीत."

वखार म्हणजे मामांचा क्लास. एका शेतकऱ्यानं कांदे साठवायला बांधलेली आणि मग मोकळीच पडलेली ती वखार मामांनी मागून घेतली होती. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, आरपार वारा, खाली जुन्या सतरंज्या. कांद्याचा वास मात्र गेला नव्हता. पहिले काही दिवस डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मामा हसून म्हणायचे, "आत्ताच रडून घ्या, मंग रडायला दम राहणार न्हाई."

आणि खरंच राहायचा नाही. बैलाचा जुना कासरा हीच आमची उड्या मारायची रस्सी. पळायचं ते रस्त्यावर नाही, नांगरलेल्या रानात. ढेकळांतून धावलं की घोटे आपोआप शहाणे होतात, असं त्यांचं म्हणणं. पोटावर वाळूच्या पिशवीचा हलका मार सोसताना तोंडानं "हुस्स" करून श्वास सोडायचा. आणि पहिला महिनाभर कुणालाही मारायचं नाही. नुसतं सरकायचं. मामा समोरून हळूच हात पुढे करत आणि ओरडत, "सरक! मागं न्हाई, बाजूला सरक! मागं गेलीस तर तो मागनं येतोय. बाजूला गेलीस तर त्याला तू सापडतच न्हाई!" संध्याकाळी वखारीवरून जाणाऱ्या माणसांना फक्त 'सरक, सरक' एवढंच ऐकू यायचं. त्यांचं खरं नाव मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

स्पारिंगला, म्हणजे दोघांनी मिळून लढतीचा सराव करायला, मामांचा एकच कडक नियम होता. निम्म्या जोरात. समोरचा आपल्याला शिकवायला उभा आहे, त्याला मोडून ठेवला तर उद्या आपण कुणाबरोबर शिकणार? बिहारहून आलेला आमचा पंकज अंगानं दांडगा होता आणि त्याचा हात आवरत नसे. एकदा त्यानं माझ्या बरगडीवर असा ठोसा दिला की मी खालीच बसले. मामा त्याला रागावले नाहीत. त्याला दोन्ही हात पाठीमागे धरायला लावले आणि म्हणाले, "आता हिला हानायचंय तेवढं हानू दे. तू सरक." पंकज पूर्ण राऊंड वखारभर नाचला. मला त्याला धड दोन वेळाही हात लावता आला नाही. शेवटी तो धापा टाकत, हसत खाली बसला आणि म्हणाला, "मामा, ये तो मजा आया!" त्या दिवसापासून त्याचा हातही हलका झाला आणि पायही.

माझा प्रश्न वेगळा होता. ठोसा येताना दिसला की माझे डोळे मिटायचे. मामांनी चिंध्यांचे गोळे केले, माझ्यासमोर उभे राहिले, म्हणजे आपले तिरके, आणि एकेक गोळा माझ्या तोंडावर फेकत गप्पा मारू लागले.

"आज आक्कानं काय केलंय जेवायला?"

"मटकी."

गोळा. माझे डोळे मिटले.

"आन् काय?"

"पिठलं. भाकरी."

परत गोळा. "ठेचा हाय का?"

"आहे, मामा."

"हिरव्या मिरचीचा का लाल?"

ठेच्यापर्यंत येता येता गोळा नाकावर आदळला, तरी माझे डोळे उघडे होते. मामांनी उडी मारली. त्या रात्री खानावळीत त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आईला हे काही पसंत नव्हतं. ती मामांना वाढताना मुद्दाम आमटी आदळायची. "नाक मोडून बसली तर कोण करून घेईल पोरीला?" असं भिंतीकडे बघत म्हणायची. मामा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "आक्का, एकदा येऊन तर बघा." आई कधी आली नाही.

मग दौंडला हौशी मुलींची स्पर्धा आली. थंडीचा रविवार होता. आम्ही निघालो, तर आई खानावळ बंद करून, इरकल नेसून, डबा घेऊन दारात उभी. म्हणाली, "बघायला न्हाई येत मी. हिला धड घरी आणायला येतीय."

माझी लढत दौंडच्याच रेश्माशी होती. मी रिंगमध्ये शिरले. रेश्माही आली, पण तिच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे राऊंडच्या मधे पाणी आणि सल्ला देणाऱ्याच्या जागी, कुणीच नव्हतं. तिच्या सरांची गाडी कुरकुंभजवळ बंद पडली होती. कॉर्नरमध्ये माणूस नसेल तर लढत होत नाही, असा नियम. रेफ्रीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मला विजयी ठरवायला माझा हात धरला. रेश्माचा चेहरा रडवेला झाला होता. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. मार न खाता जिंकले होते मी!

"थांबा," मामा म्हणाले. खांद्यावरचा टॉवेल सावरत ते रिंगच्या पलीकडे चालत गेले आणि रेश्माच्या कॉर्नरमध्ये उभे राहिले. "हिच्याकडं मी हाय."

मी ओरडले, "मामा! आणि माझ्या कॉर्नरला?"

मामांनी माणसांत नजर फिरवली. "आक्का हायेत की."

आई डबा सावरत पुढे आली. रेफ्रीनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"आई तिची."

"काही अनुभव?"

"जन्मल्यापास्नं हिला सांभाळतीय, तेवढा."

माणसं हसली. रेफ्रीही हसला आणि त्यानं मान हलवली.

पहिला राऊंड संपला आणि मी कॉर्नरला आले. आईनं पाणी पाजलं, पदरानंच माझा घाम पुसला आणि म्हणाली, "पुरं झालं अश्वे. चल घरी." मी मानेनंच नाही म्हटलं. तेवढ्यात पलीकडून मामांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ते रेश्माला सांगत होते, "तिचा डावा हात थकला की खाली येतोय. तिथं बघत राहा." माझ्या अंगाची आग झाली. माझेच मामा! त्या संतापात मी दुसऱ्या राऊंडभर डावा हात हनुवटीवरून हलू दिला नाही.

परत कॉर्नरला आले, तर आईचा सूर बदललेला. डोळे मोठे, आवाज चढलेला. "अगं, मामाचं ऐकून ती तुला कोंडाय बघती! बाजूला सरक की! आन् तूबी दे दोन ठेवून!"

शेवटच्या राऊंडमध्ये आई इतकी ओरडली की रेफ्रीनं तिला दोनदा बजावलं. मी जीव तोडून लढले. रेश्माही लढली. शेवटी थोड्या गुणांच्या फरकानं ती जिंकली. आम्ही एकमेकींना मिठी मारली, तेव्हा दोघी हसत होतो की रडत होतो, मला आठवत नाही.

आई मात्र तडक मामांवर गेली. "आमच्या पोरीला हरवलंत तुम्ही!"

"तिच्या कॉर्नरला होतो, तर तिचंच सांगणार की, आक्का." मग मामा हळू आवाजात म्हणाले, "रेफ्रीनं तवाच हात वर केला असता, तर आज तुम्हाला आपली पोर लढताना दिसली असती का?"

 आईनं डबा उघडला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. रेश्माला आग्रह करून करून वाढलं. परतीच्या एसटीत आई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. शिरूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाली, "पुढची स्पर्धा कवा हाय?"

त्यानंतर मी बऱ्याच लढती जिंकले, काही हरले. रेश्मा रविवारी दौंडहून वखारीत यायला लागली. अजूनही माझं सगळ्यात चांगलं स्पारिंग तिच्याबरोबरच होतं. पण मामांचे गुडघे बोलू लागले होते. ते कारखान्यातून निवृत्त झाले. सोलापूरला त्यांच्या मुलीला जुळं झालं, तिनं तिकडेच राहायला या असा हट्टच धरला आणि मामा निघाले.

दौंड स्टेशनवर आम्ही सगळे सोडायला गेलो. रेश्मानं गुळाच्या पोळ्या आणल्या होत्या. पंकज इतका हुंदके देत होता की शेजारच्या बाकावरच्या बाईनं त्याला पाणी दिलं. गाडी आली. मामांनी खिशातून वखारीची किल्ली काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती आईच्या हातावर ठेवली.

"पोरं आता लढतात चांगली, आक्का. पण दार येळेवर उघडणारं माणूस पायजे."

गाडी हलली. मामा दारात उभे राहून वळणापर्यंत हात हलवत होते. परत येताना मी आईकडे किल्ली मागितली.

"तुला कशाला? मला दिलीय," ती म्हणाली आणि किल्ली कमरेच्या बटव्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी वखारीवर पोचले. दार उघडं होतं. सतरंज्या झाडून अंथरलेल्या. आई पदर खोचून दारात उभी.

"उशीर केलास," ती म्हणाली. "घे रस्सी."