हळदीचा टेप

अमळनेरजवळच्या त्या गावात चिंधाचा टेप आला आणि लग्नाची तऱ्हाच पालटली. त्याआधी हळदीला भिकुअक्का लागायची. तिने गाणं उचलल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे, आणि पहिला खण तिच्याच ओटीत पडे. चिंधाने भोंगे घेतले तेव्हा हौसेने अक्काची सगळी गाणी कॅसेटवर भरून घेतली. अक्काही माईकपुढे नवं लुगडं नेसून बसली. पुढे लोक चिंधालाच बोलवू लागले. अक्का लग्नाला जाई, पण चारचौघींसारखी कडेला बसे. चिंधाला ते खुपायचं. पण धंदा सोडतो कोण!

सुंदरबाईच्या लेकीच्या हळदीत ऐन गाण्यात टेप अडकला. कॅसेटची पट्टी आत गुंतून तुटली, भोंगा मुका झाला. बायका हळदीने माखलेले हात तसेच धरून थांबल्या. कडेला अक्काने पदर सावरला, घसा खाकरला. चिंधाने ते पाहिलं. "अक्का, तूच म्हण," एवढंच तर म्हणायचं होतं. पण मेल्याने मान खाली घातली, चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि चिकटपट्टी लावून पट्टी जोडली. अक्काचा आवाज पुन्हा भोंग्यातून घुमू लागला. अक्काने उघडलेलं तोंड मिटलं.

सामान आवरताना ती जवळ आली. चिंधाला वर बघवेना.

"बेस जोडं रे भाऊ," ती म्हणाली. "पन मधली एक ओळ गयी. ती मी मनमा म्हनी लिधी."