सलग बारा महिने

"लेकी किती?"

कुठल्याही घरात शिरल्यावर आक्कांचा पहिला प्रश्न हाच असायचा. उंबऱ्याशी चपला काढायच्या, पाणी मागायचं, तांब्या वर धरून घटाघटा प्यायचं, पदराने तोंड पुसायचं आणि मग विचारायचं, "लेकी किती? अन् आता कुठं कुठं हायत?" समोरच्या बाईला वाटायचं, ही बया स्थळ घेऊन आली. लगेच चुलीवर चहा चढायचा. चहाची कपबशी रिकामी होईपर्यंत त्या घरातल्या प्रत्येक लेकीचं सासर, बाळंतपण आणि दुखणं आक्कांना कळलेलं असायचं.

आक्का आणि मी कर्करोग नोंदणीच्या कचेरीत कामाला होतो. कचेरी म्हणजे धाराशिवातल्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या, एक संगणक आणि एक पंखा. पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आम्ही भाजायचो. जिल्ह्यात कुणाला कोणता कर्करोग झाला, कधी कळला, माणूस आहे की गेला, हे गावोगाव फिरून लिहून आणायचं आणि वर पाठवायचं, हे आमचं काम. वर म्हणजे नक्की कुठे, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. पण या रोगावर देशात कुठे आणि कशाचं संशोधन करायचं ते या नोंदींवरून ठरतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आक्का फिरायच्या आणि मी टेबलाशी बसून त्यांचे फॉर्म तपासायचो. फिरणाऱ्याचे पाय दुखतात आणि तपासणाऱ्याचं डोकं, असं मी एकदा म्हणालो. आक्का म्हणाल्या, "असलं तर दुखंल."

त्या निवृत्त नर्स होत्या. साठी ओलांडलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उमरग्याच्या पलीकडचं माहेर, त्यामुळे मराठीइतकीच कानडी सफाईदार. नर्स असताना स्वतः तंबाखूची मिश्री लावायच्या. नोंदणीत आल्यावर सोडली आणि तिच्या जागी तोंडात लवंग आली. मग गावात कुणी मिश्रीची डबी काढली की पुढे लवंगेची पुडी करायच्या. "ही घ्या. तोंड बी गप बसतंय अन् गाठ बी हुईत न्हाय." लवंगेने गाठ टळते असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मिश्री सुटती न्हवं? बास."

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे या रोगाचं नाव कुणी घेत नाही. 'तसलं दुखणं' म्हणतात. नाव घेऊन विचाराल तर दार बंद. म्हणून आक्कांनी एक कासार धरला होता. तुळजापूरचा म्हातारा, आठवडी बाजार करत गावं फिरणारा. स्तनाचं ऑपरेशन झालं की पुष्कळ बायांचा त्या बाजूचा हात सुजतो. घरचे लपवतील, शेजारी बोलणार नाहीत, पण बांगड्या भरणाऱ्या माणसापासून सुजलेला हात कसा लपणार? आक्का बाजारात त्याच्या शेजारी पोत्यावर बसायच्या. तो बांगड्या भरता भरता हळूच सांगायचा, "तामलवाडीकडची एक लेक आलती. डाव्या हाताला मापच बसंना." दुसऱ्या दिवशी आक्का तामलवाडीच्या एसटीत.

आमचं भांडण जुंपायचं ते इथून पुढे.

नियम असा होता की जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेलंच माणूस यादीत धरायचं. एकच माणूस दोन ठिकाणी मोजलं जाऊ नये म्हणून केलेला नियम. वाचायला तो बरोबरच आहे. पण आमच्याकडे लेकी देताना जिल्ह्याची हद्द बघून कुणी देत नाही. कुणी सोलापूरच्या बाजूला दिलेली, कुणी कर्नाटकात. आणि सुनेला तसलं दुखणं निघालं की तिला माहेरी धाडतात, हा जणू रिवाजच. सासरी विचारायला गेलं तर म्हणतात, ती इथं न्हाय. माहेरी गेलं तर म्हणतात, ती आता तिकडची. तिकडच्या यादीतून ती सुटते कारण ती इथं आहे, आणि इथल्या यादीतून सुटते कारण अजून बारा महिने व्हायचेत. आणि पुष्कळजणींचे ते होतच नाहीत.

अशा बायांचे फॉर्म आक्का आणायच्या आणि मी त्यावर लाल पेनाने 'परत' लिहायचो. परत केलेला फॉर्म फाडून टाकायची पद्धत होती. आक्का फाडायच्या नाहीत. घडी घालून आपल्या कापडी पिशवीत ठेवायच्या. "साहेब," त्या म्हणायच्या, मला साहेब म्हटलं की समजायचं पारा चढलाय, "ह्या बायांनी मरायचं कुठं ते तरी तुमच्या नियमात लिव्हलंय का?" मी म्हणायचो, आक्का, मी नियम केलेला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही लाज वाटते.

एका मंगळवारी आक्का आमच्या घरी आल्या. शेंगाची चटणी द्यायला आले म्हणाल्या. मी बाजारातून परतलो तर त्या आईसमोर बसलेल्या, चहा झालेला, आणि माझी ताई आतल्या खोलीतून भिंतीला धरून बाहेर येत होती. ताईला कर्नाटकात दिलेली. गर्भाशयाचा कर्करोग निघाल्यावर सासरच्यांनी आणून सोडली, त्याला पाच महिने झाले होते. गल्लीत आम्ही कावीळ म्हणून सांगितलं होतं. ताईच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. तिच्या आईला तसलं दुखणं आहे हे फुटलं तर पोरीला कोण करून घेणार, म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो. जिल्ह्यातले सगळे फॉर्म माझ्या हाताखालून जात होते आणि माझ्याच घरातला फॉर्म मी भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. "तुझं अक्षर चांगलं हाय लेकरा. तूच भर."

मी भरला. वास्तव्याच्या रकान्यात पाच महिने लिहिलं, मग लाल पेन घेऊन माझ्याच अक्षरावर 'परत' लिहिलं. आक्कांनी तो फॉर्म पिशवीत घातला आणि जेवायला गेल्या.

त्यानंतर त्या दर मंगळवारी घरी येऊ लागल्या. ताईला उन्हात बसवायच्या, औषधोपचारानंतर नुकते फुटू लागलेले तिचे केस बोटांनी विंचरायच्या आणि महिने मोजायच्या. "सा झालं. आनखी सा काढ. वर्स भरलं की तू आमच्या यादीत पक्की."

"यादीत येऊन मला काय मिळंल आक्का?" ताई हसून विचारायची.

"तुला काय न्हाय. तुझ्या पोरीला मिळंल. तुमच्यासारख्या किती हायत ते वर कळलं, तर त्येंची तपासनी आधी सुरू हुईल."

ताईला ते पटलं असावं. ती न चुकता गोळ्या घेऊ लागली, आणि मंगळवारसाठी महिना मोजून ठेवू लागली.

त्याच सुमारास दिल्लीहून पत्र आलं. कर्करोगाच्या संशोधनासाठी सगळ्या देशाचं धोरण ठरतंय, प्रत्येक नोंदणी कचेरीने एका पानात सूचना पाठवाव्यात. कचेरीच्या मुख्य साहेबांना दुसरा संगणक हवा होता, त्यांनी ते लिहायला सांगितलं. मी ते दोन ओळींत उरकलं आणि उरलेलं पान आक्कांनी सांगितलं तसं टाइप केलं. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: बाई सासरी आहे की माहेरी, आणि माहेरी असेल तर कधीपासून. असेल तिथे तिला मोजा आणि दोन्हीकडच्या यादीत दुवा लिहा. एवढंच मागणं होतं. नंतर व्हिडिओवर बैठक झाली तेव्हा आमच्या जिल्ह्याला दोन मिनिटं मिळाली. आक्का ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. पहिलं एक मिनिट आवाज बंदच होता, हे आम्हाला समोरचे लोक हातवारे करू लागले तेव्हा कळलं.

दुसऱ्या मिनिटात त्या म्हणाल्या, "तुमी औषधं हुडका, मशिनी आना, माझं काय म्हननं न्हाय. पर जी बाई सासरनं धाडली अन् माहेरात मोजली न्हाय, तिच्यासाठी तुमी काय हुडकनार? ती तुमच्या कागदातच न्हाय."

समोरून कुणीतरी म्हणालं, मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद घेतली. पुढचा जिल्हा सुरू झाला. आक्का त्या दिवशी सगळ्या कचेरीला लवंगा वाटत फिरल्या. नोंद घेतली हे शब्द ऐकून सुखावलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

पुढे धोरणाचा मसुदा आला. इंग्रजीत, भलामोठा. दोन दुपारी मी तो मराठी करून आक्कांना वाचून दाखवला. प्रयोगशाळा होत्या, नवी औषधं होती, संगणकाने निदान करण्याच्या गोष्टी होत्या. सगळं चांगलंच होतं, उगाच नावं का ठेवू? आमच्या कामाची एक ओळ सापडली, अगदी मागच्या पानांत. स्थलांतरित रुग्णांच्या नोंदीचा पुढे कधीतरी अभ्यास व्हावा.

"स्थलांतरित म्हंजी ऊसतोडीला जात्यात त्ये?"

"तेही. त्यात तुमच्या लेकीही आल्या असतील."

"त्या कुठं जात्यात? त्यास्नी धाडत्यात." मग म्हणाल्या, "असू दे. वाच फुडं." पुढे परिशिष्टं होती. ती पण त्यांनी ऐकली.

मसुद्यामागोमाग दुसरा कागद आला. नोंदी यापुढे मोबाइलवर होतील, फिरतीच्या माणसांची मुदत वाढवायची नाही. आक्कांच्या नोकरीचा एक महिना उरला होता. ताईला अकरावा लागला होता.

ताई अकरा महिने आणि चार दिवसांनी गेली.

तेरावं झाल्यावर, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, आक्का घरी आल्या. आईजवळ बराच वेळ बसल्या. मग पिशवीतून ताईचा तो फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी दार लोटून घेतलं आणि जे आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो ते म्हणालो. "आक्का, ती आल्याची तारीख महिनाभर मागची टाका. कोण बघणार आहे? तपासणारा मीच आहे."

"न्हाय लेकरा."

"इतकी वर्षं माझ्याशी भांडलात ना तुम्ही यासाठी?"

"नियम बदल म्हनून भांडले. खोटं लिव्ह म्हनून कवा भांडले?" त्यांचा आवाज चढला होता, आणि डोळे भरले होते. "आज म्या ताईची तारीख मनानं टाकली, अन् उद्या कुनी ती हुडकली, तर वरची मानसं म्हनतील, ह्येंची यादीच मनानं लिव्हलेली असती. मग ज्या खऱ्या हायत त्या समद्या खोट्या पडत्याल. त्येंचं काय करू म्या?"

मला त्यांचा राग आला. इतका की मी उठून जाणार होतो. आक्कांनी निळ्या पेनाने पाच महिने खोडून अकरा महिने चार दिवस लिहिलं. मृत्यूची तारीख घातली. सही केली. मग पिशवीतून कचेरीतलं लाल पेन काढून माझ्यासमोर धरलं.

"तपास."

त्या पेन धरून तशाच बसून राहिल्या. शेवटी मी ते घेतलं आणि पूर्वीच्या 'परत'खाली पुन्हा 'परत' लिहिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, घडी घातली, पिशवीत ठेवली आणि आईला विचारलं, पोरीचं जमलं का कुठं.

महिनाअखेरीस त्या उमरग्याच्या पलीकडे भावाच्या गावी राहायला गेल्या. सुरुवातीला फोन व्हायचे, मग कमी झाले. गेल्या वर्षी त्या गेल्याचं पुतण्याने कळवलं, तेही महिन्याने. झोपेत गेल्या म्हणाला. मी पिशवीचं विचारलं. "कागुद लई हुते बगा," तो म्हणाला. "पोटमाळ्यावर टाकलेत का कुठं, हुडकून सांगतो."

देशाचं धोरण अजून शेवटच्या रूपात माझ्यापर्यंत आलेलं नाही. नवा फॉर्म मोबाइलवर भरतात, बारा महिन्यांचा नियम त्यात आहेच, फक्त 'परत' आता यंत्रच लिहितं. माझी ताई सासरच्या यादीत नाही, आमच्या जिल्ह्याच्या यादीत नाही, म्हणजे देशाच्याही नाही. तिला हा आजार झाला होता आणि ती अकरा महिने चार दिवस आमच्या घरात त्याच्याशी झुंजली, हे खरं लिहिलेला एकच कागद आहे. पुतण्याला मी कालही फोन लावला. त्याने उचलला नाही.