हातावरच्या रेघा

कसबा बावड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, जनावरांना वैरण टाकून थेट आलेल्या.

"ल्हानपणापास्नं जवळचं पुसट दिसतंय," त्या मला सांगत होत्या. "शाळंत डोकं ठणकायचं, म्हणून शाळाच सोडली. घरची म्हणायची, पोरीला आभ्यासाचा कटाळा हाय."

तपासणीचं टेबल आमच्यासमोरच होतं. डॉक्टर त्यांना म्हणाले, "कंटाळा नव्हता, ताई. तुमचा डोळाच जन्मापासून जरा आखूड आहे. जवळचं बघायला त्याला फार ताण पडतो."

बाईंनी पदर सारखा केला.

डॉक्टरांनी जाड फ्रेममध्ये फुगीर भिंगं बसवून ती त्यांच्या डोळ्यांवर चढवली आणि वाचायला छापील कार्ड दिलं. बाई कार्डाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि तळवा हळूहळू तोंडाजवळ आणला.

"एवढ्या रेघा हायत व्हय माझ्या हातावर?"

बाई हात उलटासुलटा करून बघत राहिल्या, आणि पुढचा नंबर पुकारायचं कुणालाच सुचलं नाही.