खाट एकशे ऐंशीवर

माझा थोरला भाऊ जहाजावर अधिकारी, आणि मला जयनगरातल्या जयनगरात बाजारातून घरी यायला दोन रिक्षावाल्यांना विचारावं लागे. त्यामुळे अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दिशांच्या बाबतीत माझं मत कधी घेतलं नाही.

दादानं त्यांना एक होकायंत्र आणून दिलं होतं आणि दिशा आकड्यांत सांगायला शिकवलं होतं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं. नव्वद म्हणजे पूर्व, एकशे ऐंशी म्हणजे दक्षिण. त्याचा फोन आला की अण्णा भिंतीवरच्या नकाशावर कोनमापक लावत आणि आपल्या लाकडी खाटेचं पायथं त्या आकड्यावर फिरवून घेत. डोळे उघडले की समोर मुलगा हवा. खाट ढकलायला अर्थातच मी.

त्या वर्षी दादानं फोनवर सांगितलं, आता बरेच महिने कन्याकुमारीच्या खालीच फेऱ्या. खाट एकशे ऐंशीवर गेली.

"दक्षिणेला पाय करून जिवंत माणसं झोपतात का हो?" आई कळवळली.

"दक्षिण कुठाय? एकशे ऐंशी आहे ते."

पुढं एका रविवारी आमच्याच शहरातल्या इंदिरानगरात भाजीच्या गाडीपाशी मला दादा दिसला. अर्ध्या चड्डीत, कानडीत "स्वल्प कम्मी माडी", थोडं कमी करा, म्हणत दुधी भोपळ्यासाठी घासाघीस करत होता. जहाज सोडून तिथंच फ्लॅट घेतला होता.

"अण्णांना सांगू नकोस," तो म्हणाला. "कळलं तर पेटी घेऊन राहायला येतील. तुझ्याकडे रुळलेत की ते."

मी बोललो नाही. पण मला हुशारी सुचली. शहराच्या नकाशावर इंदिरानगर शोधलं आणि केर काढायच्या निमित्तानं खाट पन्नासवर आणून ठेवली. निदान खऱ्या पोराकडे तोंड होईल. आयुष्यात पहिल्यांदा कोन बरोबर काढला होता.

अण्णांनी होकायंत्र पाहिलं.

"पन्नास? दादा कलकत्त्याला आला की काय?"

"हो, हो. कलकत्ता." आकडा नुसती दिशा सांगतो, अंतर सांगत नाही, हे किती सोयीचं!

त्यांनी होकायंत्राचं झाकण लावलं.

"कलकत्त्याच्या आधी इंदिरानगर लागतं रे. त्याच्या सासऱ्यांनी केव्हाच सांगितलंय मला."

मी केरसुणी उचलली.

"फिरव खाट. एकशे ऐंशीवर."

"पण अण्णा, तिकडं तर कुणीच नाही."

"ठाऊक आहे. पाय तिकडंच असू देत."

मी खाट ढकलली. या वेळी आईनंच दुसऱ्या बाजूनं हात लावला.